पासंगाचा खडा

मला आधी एक सांगा, मग पुढचं बोलतो. तुम्ही अंधारात अडकला आहात, स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही, आणि कमरेला बांधलेल्या दोरीला कोणीतरी हळूच ओढ दिली. तर भरवसा कोणावर ठेवायचा? दोरीवर, की ओढणाऱ्यावर?

समर, तू गाडीतल्या सॅट-नॅववर म्हणणार, ते तुझ्या तोंडावर दिसतंयच. मायरा, तो पडदा ओढून घे बाळा. शटर मी लावलंय, आता कोणी गिऱ्हाईक यायचं नाही. तुमची आई न्यायला येईपर्यंत सांगून होईल.

गोष्ट आपल्या विनयची. उंच, चष्मेवाला, इथे ब्रॅकनेललाच सॉफ्टवेअरमध्ये आहे. दर शुक्रवारी ऑफिसातून परस्पर दुकानात येतो आणि "शशिकांतकाका, जाडे पोहे आहेत का?" असं विचारतो, जसं काही मी ते लपवूनच ठेवतो. त्यानं मला हे त्या समोरच्या काउंटरपाशी उभं राहून सांगितलं, एकदाच. परत विचारलं तर विषय बदलतो. मी ऐकलं तसं सांगतो. मापात कमी नाही, जास्त नाही.

साल दोन हजार सहा. लक्ष्मीपूजन होऊन आठवडा होत आला होता. विनयची धाकटी बहीण अक्षया एडिनबराला युनिव्हर्सिटीत शिकायची. भाऊबीज आली मंगळवारी, मंगळवारी कुठली सुट्टी? म्हणून शुक्रवारी त्यानं माझ्याकडून चकल्या, शंकरपाळी आणि बेसनाचे लाडू बांधून घेतले, ओवाळणीचं पाकीट खिशात घातलं आणि गाडी उत्तरेला, स्कॉटलंडकडे काढली. काम एवढंच. बहिणीला फराळ पोचवायचा, तिच्याकडून ओवाळून घ्यायचं, रविवारी परत यायचं.

पण आपली माणसं एका खेपेत दोन कामं उरकायला बघतात. मीही तसलाच. विनयच्या ऑफिसात एक सुश्रुत होता. सह्याद्रीतले किल्ले पालथे घातलेला मुलगा. त्यानं आधीच ठरवून ठेवलं होतं, एडिनबरापर्यंत जातोच आहोत तर शनिवारी आणखी वर डोंगराळ भागात जाऊ आणि एक सुळका चढू. तो, विनय, अक्षया आणि ऑफिसातलाच गिरीश, नागपूरचा, ज्याच्या तोंडाला सुट्टी नसते. चौघं. नकाशा सुश्रुतचा, दोरी सुश्रुतची, आणि अक्कलही सुश्रुतचीच.

नेमका शुक्रवारी त्याला ताप भरला. विनय आणि गिरीश घ्यायला गेले तर दारातच त्यानं दोरी आणि नकाशा हातात दिला. "साधी पायवाट धरा. वर चढू नका माझ्याशिवाय," म्हणाला. आणि उतरल्यावर फोन करा म्हणाला. तापात बोलतोय, असं यांनी धरलं.

त्या डोंगराचं नाव मी सांगणार नाही, नाहीतर पुढच्या वीकेंडला निघाल तुम्ही. खाली ओलं गवत आणि चिखल. पण एकदा का वरचा भाग सुरू झाला की ना झाड, ना झुडूप, ना मूठभर माती. नुसता तांबडा वाळूचा खडक, थरावर थर. डोळे बांधून कोणी आणून सोडलं तर माणूस म्हणेल, वाळवंटात आलो. फक्त हे वाळवंट पावसाचं.

शनिवारी पहाटे एडिनबरातून निघायच्या आधी पुण्याहून आईचा फोन आला. ओवाळणं झालं का, लाडू कसे झालेत, आणि मग, "किती जण जाताय?"

"तिघं," विनय म्हणाला.

"तिघं नका जाऊ रे. तीन तिगाडा. बरं, जाणारच असाल तर एक खडा घे खिशात. चौथा म्हणून."

तुम्हाला हे ठाऊक नसेल. आपल्याकडे तिघं मिळून कामाला निघत नाहीत. निघावंच लागलं तर एक खडा उचलून खिशात टाकतात आणि चौघं झालो म्हणतात. माझी आजी तर तीन भाकऱ्यासुद्धा वाढायची नाही, चौथीचा तुकडा मोडून कडेला ठेवायची. विनयचा यावर विश्वास होता असं नाही. पण आईला हो म्हटलं होतं, आणि मुलगा शब्दाचा पक्का.

पायथ्याला पोचेपर्यंत अकरा वाजून गेले. गाडी लावली. एक फाटक, फाटकापलीकडे वाट. आजूबाजूला एकतर चिखल, नाहीतर घराएवढे धोंडे. खिशात मावेल असा खडा कुठे दिसेना. फक्त वाटेच्या कडेला कमरेएवढा एक ढिगारा होता, हातानं रचलेला. विनयनं त्यातला वरचाच एक चपटा तांबडा खडा उचलला.

"अबे, कोणाचा काढून राहिला तू?" गिरीश म्हणाला.

"दगडच आहे."

"दादा, इथे लोक येता-जाता दगड ठेवतात," अक्षया म्हणाली. "काढत नाहीत."

"एक घेतला तर काय ढीग कोसळणार आहे? आईला सांगितलंय मी."

आपल्या घाटातही असे ढिगारे असतात. तिथे कोणीतरी जिवानिशी गेलेलं असतं. येणारा-जाणारा त्यात एक खडा टाकतो. विनयला हे माहीत नव्हतं असं नाही. त्याला घाई होती. घाईत माणूस माहीत असलेलंच विसरतो.

आता माझ्या धंद्यातलं एक ऐका. तराजूचं एक पारडं हलकं असलं की त्याला आम्ही एक खडा बांधायचो. त्याला पासंग म्हणतात. पासंग लावण्यात पाप नाही, तराजू सरळ राहावा म्हणूनच तो असतो. पण पासंगाला माल म्हणून मोजलं, की झाली लबाडी. बार्शीच्या बाजारात एकानं तसं केलं होतं. त्याच्या वखारीला आग लागली तेव्हा विझवायला कोणी गेलं नाही... जाऊ दे, ते पुन्हा कधी. तर विनयनं खडा खिशात घातला, इथवर ठीक होतं. पण यांनी तो मोजला.

सुरुवात गिरीशनं केली. पहिल्या विसाव्याला त्यानं सगळ्यांकडे बोट करून मोजलं, "एक, दोन, तीन," आणि विनयच्या खिशावर थाप मारून घोगऱ्या आवाजात, "चार. हजर."

अक्षया हसली. मग प्रत्येक विसाव्याला तेच. एक, दोन, तीन, चार. डबा उघडला तेव्हा गिरीशनं एक शंकरपाळी दगडावर ठेवली. "पाहुण्याचा वाटा. लाजू नका भाऊ."

पुढे एक अरुंद धार आली. दोन्ही बाजूंना खोल. अक्षयाचे पाय थबकले. मग तीच स्वतःला धीर द्यायला म्हणाली, "चौघं आहोत ना आपण." आणि विनय? धारेच्या पलीकडे फोनला क्षणभर सिग्नल मिळाला तेव्हा त्यानं आईला सांगितलं, "काळजी करू नको, चौघं आहोत." तिघांनीही निदान एकेकदा मोजलं त्याला. लक्षात ठेवा.

"पण काका, ते माथ्यावर पोचले का?"

पोचले रे समर. हातापायांनी खडकाला चिकटत, एकमेकांना खालून ढकलत, पोचले. पण उशिरा. सूर्य मावळायला आला होता. फोटो काढले, दोन लाडू खाल्ले, आणि मान वळवून पाहतात तर खालची दरी नाही. ढग वर चढत होता. पाहता पाहता त्यानं धार गिळली, मग त्यांचे पाय.

चढताना हात वाट शोधतात. उतरताना पायांना शोधावी लागते, आणि पायांना डोळे नसतात. गिरीश पुढे होता. "इकडून आलो होतो," म्हणाला, आणि एका घळीत उतरला. घळ अरुंद होत गेली. मग एक गुळगुळीत कातळ आला, अडीच पुरुष उंचीचा. त्यावरून घसरत तिघं खाली आले, एका कपारीत. डबल बेडएवढी जागा. तीही बाहेरच्या अंगाला कललेली.

विनयनं एक दगड पुढे ढकलला. तो पडल्याचा आवाज आला नाही.

परत फिरून कातळाला हात लावला. ओला. धरायला बोटभर खाच नाही. विनयनं गिरीशच्या खांद्यावर उभं राहून पाहिलं, तरी हात पोचेना. दोनदा घसरला, दुसऱ्या वेळी कडेपर्यंत. मग कोणी म्हटलं नाही, की आणखी एकदा बघू.

वर जाता येत नव्हतं. खाली जाता येत नव्हतं. फोनला सिग्नल नव्हता, तो शोधता शोधता बॅटऱ्याही संपल्या, आणि टॉर्च कोणी आणलाच नव्हता. ओरडून पाहिलं, ढगानं आवाज तिथल्या तिथे जिरवला. आणि अंधार पडला.

विनयला एकच गोष्ट ऐकू येत होती. अक्षयाचे दात वाजत होते. तिला इथे पाठवताना वडिलांनी विमानतळावर तिचा हात त्याच्या हातात दिला होता. त्याला बाकी कशाचं काही नव्हतं. हिला खाली न्यायची. बस.

त्यानं सुश्रुतची दोरी काढली. एक टोक मागच्या खडकाला गुंडाळलं. मग गिरीशच्या कमरेला, मग स्वतःच्या, शेवटी अक्षयाच्या. गाठी आपल्या साध्या, पोत्याच्या तोंडाला मारतो तशा. तिघांपैकी कोणालाच दुसरी गाठ येत नव्हती. दोरी बरीच उरली. ती अक्षयाच्या पुढे तशीच पडली आणि कललेल्या कातळावरून घसरत तिचं टोक कडेखाली लोंबायला लागलं. ओढून घ्यायला कोणाचे हात धड नव्हते.

पाऊस सुरू झाला.

झोप लागली तर संपलो, हे तिघांनाही माहीत होतं. म्हणून विनय म्हणाला, थोड्या थोड्या वेळानं मोजायचं. मी एक म्हणणार, तू दोन, गिरीश तीन. जो गप्प राहील त्याला हलवायचं.

"एक."

"दोन."

"तीन. चहा टाक ना कोणी."

असं चाललं होतं. गिरीशचे विनोद हळूहळू थांबले. मग नुसते आकडे.

"एक."

"दोन."

"तीन."

"चार."

...

"गिरीश, प्लीज," अक्षया म्हणाली. "आत्ता नको."

"मी नाही."

"बस ना आता."

"अक्षया, आईशप्पथ. मी नाही."

विनयनं गिरीशच्या आवाजाकडे मान वळवली. दिसत काही नव्हतंच. पण त्या आवाजात थट्टा नव्हती. नागपूरही नव्हतं.

"पुन्हा मोजू," विनय म्हणाला. "एक."

"दोन."

गिरीशनं तीन म्हणायला वेळ लावला. म्हटलं.

पाऊस. फक्त पाऊस.

मग... "चार."

खालून. कडेच्या खालून, जिथे काही नव्हतं. पुरुषाचा आवाज. आणि त्यातला र आपला नव्हता. तिकडची माणसं फिरवतात तसा, जिभेवर घोळवलेला. कोणीतरी शब्द ऐकून ऐकून पाठ केल्यासारखा. कळलं का? त्याला यांनी जेवढं शिकवलं होतं, तेवढंच तो बोलत होता.

विनयचा हात खिशाकडे गेला. खडा काढून फेकून द्यावा म्हणून. खिशाची चेन लागलेली होती. बोटं वाकत नव्हती, दातांनी उघडली. आत हात घातला.

खिसा रिकामा होता.

हे त्यानं त्या दोघांना सांगितलं नाही. "आता मोजायचं नाही," एवढंच म्हणाला.

तिघं एकमेकांना चिकटून बसले. किती वेळ, कोणास ठाऊक. मग अक्षयानं मनगटावरचं चमकत्या काट्यांचं घड्याळ डोळ्यांपाशी नेलं. "दादा, दोन वाजले. म्हणजे आता पुन्हा एक."

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार होता तो. त्या रात्री इथे उन्हाळ्याची वेळ संपते, घड्याळं तासभर मागे जातात, तुम्हाला मी काय सांगणार. पण असा विचार केलाय कधी? एक ते दोनचा तास त्या रात्री दोनदा येतो. पहिला तर सगळ्यांचा. दुसरा कोणाच्या खात्यावर?

त्या तासात...

अक्षया म्हणाली, "दादा."

"काय?"

"दोरी हलतेय."

"वारा आहे."

"वारा नाहीये, दादा."

नव्हता. विनयनं अक्षयाच्या पुढे हात टाकून दोरी चाचपली. ती ताठ होती. तारेसारखी. कडेवरून सरळ खाली. आणि अक्षया बसल्या जागेवरून सरकत होती. झटका नाही. ओढाताण नाही. पोतं कलतं तशी, हळूहळू, उताराकडे.

विनयनं दोन्ही हातांनी तिला धरलं. टाचा खडकात रोवल्या. गिरीशनं मागून त्याला. तिघांची दोरी ताणली गेली.

ती ओढ नव्हती. वजन होतं. मी त्याला विचारलं, किती असेल? वजनाचं मला कळतं, म्हणून विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "काका... एका माणसाएवढं."

"चार."

आता अगदी जवळून. कडेच्या लगेच खालून. धापा टाकत.

"विनय," गिरीश कुजबुजला. "कोणी खरंच असलं तर? लटकलं असेल बे कोणी. वर घेऊ का?"

"दमलाय तो," अक्षया म्हणाली. ती रडत होती. "दादा, त्याला घे ना."

आणि ती आणखी वीतभर सरकली.

तिचे पाय आता कडेवर होते. विनयला ते दिसले नाहीत, हाताला लागले. दोरी तिच्या कमरेत रुतली होती. गाठ ओली, फुगलेली, सुटत नव्हती. सुरी नव्हती. वर घ्यायचं, तर दोघांनी तिला सोडून दोरी धरायला हवी. तिला धरायचं, तर...

विनयनं तिलाच धरलं. अंधारात तोंड खाली करून म्हणाला, "आम्ही तिघं आहोत."

दोरी ताठच.

"तिघंच आलो होतो. चौथं कोणी नव्हतं." मग या दोघांना, "मोजा. मोठ्यानं. एक."

"दादा..."

"अक्षया, मोज."

"दोन."

"तीन," गिरीश म्हणाला.

"तीनच," विनय म्हणाला. "बस. तीनच."

दोरी लगेच सैल झाली नाही. तशीच राहिली. कोणीतरी ऐकून घेत असावं... समजून घेत असावं, तशी.

मग वजन गेलं.

विनय कान लावून बसला. पडल्याचा आवाज यायला हवा होता. आला नाही.

आला तो बऱ्याच वेळानं, आणि पडल्याचा नाही. खूप खालून. माणूस गर्दीत मागे राहिला की विचारतो तसा.

"चार...?"

मायरा, इकडे सरक. हो, दिवा लावलेला आहेच.

सकाळी ढग फाटला. वरून माणसांचे आवाज आले. सुश्रुत रात्रभर फोनची वाट बघत होता, शेवटी अंगात ताप असताना त्यानंच पोलिसांना कळवलं होतं. डोंगरातून माणसं सोडवणारी त्या गावची तुकडी आली होती. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा दोराला लटकून कपारीत उतरला. त्यानं आधी नाव विचारलं नाही, काही लागलंय का ते विचारलं नाही.

"किती जण?"

"तीन," विनय म्हणाला.

म्हाताऱ्यानं तिघांकडे पाहिलं. मान हलवली. एकेकाला वर घेतलं, आधी अक्षयाला. तिच्या कमरेवर दोरीचा वळ उठला होता, पण हातपाय धड होते. विनयला हवं होतं ते मिळालं. बहीण खाली आली.

पण खरं सांगू का, तो काही अजून त्या कपारीतून निघालेला नाही. त्या दिवशी जाता जाता मला काय म्हणाला माहीत आहे? "काका, तो आम्हाला ओढत होता, की आमच्या जिवावर लटकला होता, हे मला कळलंच नाही. आणि मी विचारलंही नाही."

शेवटी म्हातारा वर आला तो कडेखाली लोंबणारी दोरी गुंडाळत. टोकापाशी त्याचे हात थांबले.

मोकळ्या सोडलेल्या टोकाला दोरीचंच एक कडं बांधलेलं होतं. माणसाच्या कमरेएवढं. त्याला मारलेली गाठ यांच्यासारखी नव्हती, पक्की होती, नेटकी. म्हातारा म्हणाला, चढाईचे पट्टे आणि कड्या निघायच्या आधी, माझ्या बापाच्या पिढीतली माणसं अशी दोरी कमरेला बांधायची. तुमच्यात ही गाठ कोणाला येते?

कोणालाच येत नव्हती.

रात्रभर पाऊस होता. दोरी पिळली तर पाणी गळत होतं. म्हाताऱ्यानं त्या कड्याच्या आतल्या बाजूनं अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग ते कडं त्यानं अक्षयापुढे धरलं. तिनंही आतून हात फिरवला.

आतून दोरी कोरडी होती, रात्रभर कोणाच्या तरी कमरेला असल्यासारखी.

तुमच्या आईची गाडी आली वाटतं बाहेर. उठा. जॅकेट घाला. आणि या म्हाताऱ्या दुकानदाराचं एवढं ऐका पोरांनो, पुढे कितीही शिकलात, कुठेही गेलात, तरी हिशेब खरा ठेवत जा. खाली असताना सोयीचं म्हणून ज्याला आपल्यात मोजलं, त्याला वर गेल्यावर सोयीचं म्हणून वगळू नका. मोजायचं नसेल, तर पहिल्यापासूनच मोजू नका.